आरव्हीसाठी मीटर घेताय? आधी काय मोजायचंय त्याची यादी काढा, मग खरेदी

आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली की वर्षभरात कधीतरी रात्री दिवे मंद होतात, फर्नेसचा (गॅस हीटरचा) पंखा घरघरतो पण पेटत नाही, आणि मग माणूस फोनवर पहिलं जे मल्टीमीटर दिसेल ते ऑर्डर करून मोकळा होतो. ते घरी येतं, बॅटरीचे व्होल्ट दाखवतं, छान वाटतं, आणि पुढच्याच कामाला अडतं. बहुतेकांच्या दोनच चुका असतात. एक तर फक्त 10 अँपपर्यंत मोजणारं साधं मीटर घेतात. नाहीतर क्लॅम्प मीटर घेतात पण ते फक्त एसीवर चालणारं निघतं, आणि आरव्हीतली निम्म्याहून जास्त दुखणी तर 12 व्होल्ट डीसीची असतात.

हे सगळं अमेरिका-कॅनडातल्या गाड्या धरून लिहितोय, म्हणजे कॅम्पग्राउंडवर 120 व्होल्ट, 30 किंवा 50 अँपचं कनेक्शन. भारतात कॅम्पर बनवून घेतलेल्यांसाठी मध्ये वेगळं लिहिलंय.

1. गाडीतले दोन संसार वेगळे लिहा

कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे 12 व्होल्ट डीसी, उजवीकडे 120 व्होल्ट एसी.

डावीकडे हाऊस बॅटरी (आतल्या वस्तूंना वीज देणारी), दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा पंखा, स्लाइडआउटची (बाहेर सरकणाऱ्या भिंतीची) मोटर, गाडी समतल करणारे लेव्हलिंग जॅक, फ्रिजचं कंट्रोल बोर्ड, गॅस डिटेक्टर, सोलर. ट्रेलर असेल तर त्याचे इलेक्ट्रिक ब्रेक पण इथेच. उजवीकडे छतावरचा एसी (एअर कंडिशनर), मायक्रोवेव्ह, वॉटर हीटरचा विजेचा एलिमेंट, भिंतीतले प्लग. कन्व्हर्टर आणि इन्व्हर्टर दोन्हीकडे लिहा, कारण ते या बाजूची वीज त्या बाजूला नेतात.

आता प्रत्येकासमोर अंदाजे अँप टाका. पाण्याचा पंप 5 ते 7, फर्नेसचा पंखा 7-8 च्या आसपास, स्लाइडची मोटर सहज 20 च्या वर जाते. ट्रेलरला दोन अॅक्सल असतील तर चार ब्रेक मॅग्नेट, एकेक साधारण 3 अँप, म्हणजे मिळून 12. इन्व्हर्टरचा हिशोब वेगळा करा: वॅट भागिले 12, आणि वर पंधरा टक्के नुकसान धरा. 2000 वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर बॅटरीतून 190 अँपच्या घरात खेचतो.

यादी झाली की साध्या मीटरचा 10 अँपचा जॅक किती तोकडा आहे ते आपोआप कळतं. नुसते ब्रेक मोजायला गेलात तरी त्याच्यावर ताण.

तपासा: यादीत सगळ्यात मोठा डीसी आकडा कुठला आहे त्याभोवती गोल करा. मीटर निवडताना तोच आकडा लागणार आहे.

2. क्लॅम्प घ्या, आणि तो डीसी मोजतो याची खात्री करून घ्या

क्लॅम्प म्हणजे चिमट्याचा जबडा वायरभोवती अडकवायचा, वायर सोडायची-तोडायची गरज नाही. साधं मीटर करंट मोजताना सर्किटच्या मध्ये घालावं लागतं, म्हणजे बॅटरीची केबल काढा, मीटर लावा, आणि तेवढ्यात घरातल्या कुणी नळ सोडला की पंप सुरू, वर अजून काही चालू असलं की मीटरचा फ्यूज गेला. आरव्हीच्या कामाला क्लॅम्पच बरा, यात मला तरी शंका नाही.

पण स्वस्त क्लॅम्पच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि ट्रान्सफॉर्मरला फक्त बदलता करंट कळतो. डीसीसाठी जबड्यात हॉल सेन्सर लागतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात "एसी डीसी क्लॅम्प मीटर" लिहिलेलं असतं आणि आत बारीक अक्षरात बघितलं तर डीसी फक्त व्होल्टसाठी, करंट एसीच. या एका ओळीवर सगळ्यात जास्त लोक फसतात.

ओळखायचं कसं? मीटरच्या डायलचा फोटो मोठा करून बघा. अँपच्या खुणेजवळ नागमोडी रेघ असेल तर एसी. एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. अँपच्या घरात दोन्ही खुणा हव्यात, व्होल्टच्या घरातल्या धरायच्या नाहीत. दुसरी खूण म्हणजे "झीरो" लिहिलेलं बटण. डीसी क्लॅम्पला ते लागतंच, कारण हॉल सेन्सर रिकामा असतानाही थोडाफार आकडा दाखवतो, तो दरवेळी शून्यावर आणावा लागतो.

मग रेंज. इथे एक गोची आहे. मोठ्या करंटचा क्लॅम्प बारीक करंट नीट दाखवत नाही आणि बारीक दाखवणारा लवकर संपतो. उदाहरणार्थ यूनी-टीचा यूटी210ई हा खिशात मावणारा क्लॅम्प 2 अँपच्या रेंजवर 1 मिलिअँपपर्यंत दाखवतो, बॅटरी गुपचूप कोण पितंय ते शोधायला झकास, पण 100 अँपला त्याची हद्द. तुमचा गोल केलेला आकडा 190 असेल तर तो पुरणार नाही. उलट 400 किंवा 600 अँपचे क्लॅम्प इन्व्हर्टरला चालतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा शेवटचा आकडा 0.1 अँपचा असतो, म्हणजे 60 मिलिअँपचा गॅस डिटेक्टर त्यांना धड दिसणारही नाही.

माझं मत विचाराल तर मोठा इन्व्हर्टर नसेल तर लहान क्लॅम्प पुरे. इन्व्हर्टर असेल तर 400 किंवा त्याहून मोठा घ्या आणि बारीक गळतीसाठी साध्या मीटरचा मिलिअँप वापरा.

3. व्होल्टचा आकडा किती खरा ते बघा

लेड-अॅसिड बॅटरी काही तास विश्रांती घेऊन 12.6-12.7 दाखवत असेल तर भरलेली, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. पाऊण आणि अर्ध्यात फक्त 0.2 व्होल्टचा फरक! मीटरची डीसी अचूकता 1 टक्का असेल तर 12 व्होल्टला 0.12 इकडे किंवा तिकडे, म्हणजे तुमचं निदानच डळमळीत. 0.5 टक्के किंवा त्याहून बरी अचूकता बघा, आणि 12 व्होल्ट मोजताना दशांशानंतर दोन आकडे दिसायला हवेत.

लिथियम म्हणजे एलएफपी बॅटरीवाल्यांनी व्होल्टवरून टक्के काढायच्या नादी लागू नये. 13.3 आणि 13.2 मध्ये बरीच चार्ज निघून गेलेली असते, मीटर कितीही भारी घ्या. तिथे शंटवाला (आत-बाहेर जाणारा करंट सतत मोजणारा) बॅटरी मॉनिटरच लावा, मीटर फक्त बिघाड शोधायला.

एसीच्या बाजूला "ट्रू आरएमएस" हवंच, म्हणजे वेव्हचा आकार कसाही असला तरी खरा आकडा दाखवणारं. स्वस्त इन्व्हर्टर मॉडिफाइड साइन वेव्ह देतात, ती खडबडीत पायऱ्यांची असते, आणि साधं मीटर ती वेव्ह गुळगुळीत आहे असं धरून हिशोब करतं. मग इन्व्हर्टर ठणठणीत असूनही 100 च्या खाली आकडा दिसतो आणि लोक इन्व्हर्टर परत पाठवायला निघतात.

4. जिवाशी संबंधित गोष्टी, इथे काटकसर नको

मीटरच्या जॅकजवळ कॅट 2, कॅट 3 असं रोमन आकड्यात छापलेलं असतं आणि पुढे व्होल्ट. विजेच्या लाइनवर अचानक मोठा झटका आला तर मीटर हातात फुटू नये म्हणून किती बंदोबस्त केलाय ते हे रेटिंग सांगतं. भिंतीतल्या प्लगला कॅट 2 चालतं. कॅम्पग्राउंडचं पेडेस्टल (गाडी जोडायचा विजेचा खांब) आणि ब्रेकर पॅनलसाठी किमान कॅट 3, 600 व्होल्ट. नुसतं "600 व्होल्ट" लिहिलंय आणि कॅट नाही, असलं मीटर 120 च्या बाजूला न्यायचंच नाही.

छापलेल्या आकड्यावर पण डोळे झाकून विश्वास नको. मागच्या बाजूला यूएल, ईटीएल किंवा सीएसए यातलं एखादं चिन्ह आहे का बघा, ते बाहेरच्या लॅबने तपासल्याची खूण. सीई बहुतेक वेळा कंपनी स्वतःच लावते.

फ्यूज कसला ते बघा. बारीक काचेचा 250 व्होल्टचा फ्यूज असेल तर ते मीटर 12 व्होल्टपुरतं ठेवा. चांगल्या मीटरमध्ये जाड सिरॅमिक फ्यूज असतो, 600 किंवा 1000 व्होल्टचा. बऱ्याच क्लॅम्पना करंटसाठी प्रोबचा जॅकच नसतो, आणि नवशिक्यासाठी ते उत्तम, कारण सगळ्यात धोक्याची चूक तिथे होऊच शकत नाही. ती चूक म्हणजे करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब 10 अँपच्या जॅकमध्येच विसरणे आणि मग तसंच पेडेस्टलला व्होल्ट मोजायला जाणे. त्या जॅकमध्ये प्रोब असताना मीटर म्हणजे नुसता तारेचा तुकडा, थेट शॉर्ट.

सांभाळा: प्रोबची टोकं रबरी टोपी लावून 4 मिलिमीटरच उघडी राहणारी असावीत. लांब उघडी टोकं पेडेस्टलच्या फटीत दोन ठिकाणी टेकतात.

5. जास्तीच्या सोयी: कुठल्या लागतात, कुठल्या नाहीत

लो-झेड (कमी रोधावर व्होल्ट मोजायची सोय) असेल तर घ्या. आरव्हीत तारा एकमेकींना चिकटून भिंतीतून जातात, त्यामुळे बंद तारेवर पण मीटर 20-40 व्होल्ट भुताटकीसारखं दाखवतं. लो-झेड थोडा लोड टाकतं आणि तो आकडा पडतो. खरी वीज असेल तर आकडा टिकतो.

वायरला न टेकता वीज ओळखणारा सेन्सर बरा, पण त्याने "वीज नाही" म्हटलं म्हणून हात घालायचा नाही. जनरेटरवाल्यांना हर्ट्झ हवं, 60 च्या आसपास आहे का ते बघायला. टेंपरेचरची तार फ्रिज आणि एसीच्या कामाला येते, नसली तरी चालतं. पाठीमागचा दिवा मात्र पाहिजेच, आरव्हीचं बॅटरीचं कप्पं कायम अंधारात आणि गुडघ्याच्या खाली. ब्लूटूथचे पैसे वाचवा, त्या पैशात मगर-क्लिप आणि वीस फूट लांब एक वायर घ्या, व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे तारेत वाटेत किती व्होल्ट हरवतात ते, काढायला ती सारखी लागते.

6. एक घ्यायचं की दोन

एकच परवडत असेल तर ट्रू आरएमएस, डीसी करंटवाला, कॅट 3 600 व्होल्टचा क्लॅम्प. साधारण 50 ते 100 डॉलरमध्ये जमतं. दोन घेता येत असतील तर लहान डीसी क्लॅम्प 12 व्होल्टसाठी आणि एक चांगलं साधं मीटर पेडेस्टलसाठी. अशा वेळी लहान क्लॅम्पच्या अंगावरचं कॅट रेटिंग वाचून ठेवा आणि तो पेडेस्टलला नेऊ नका.

भारतात ट्रॅव्हलर किंवा विंगर व्हॅनचा कॅम्पर करून घेतला असेल तर बाहेरची वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, बाकी हिशोब तोच. मोठ्या बसचं रूपांतर असेल तर इंजिनाची बाजू 24 व्होल्टची निघू शकते, ते आधी बघा. मीटर मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हातात घेऊन बघून घेता येतं, आणि नाशिकच्या ऋषभ कंपनीची मीटरंही बघा. दुकानदाराला "डीसी अँप क्लॅम्पने मोजतो का" एवढाच प्रश्न विचारा आणि डायलवरची खूण स्वतः बघा.

7. मीटर आल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत

क्रम असाच ठेवा.

प्रोबची टोकं एकमेकांना लावा. बीप लगेच यायला हवी, ओहम 0.5 च्या खाली. आकडा नाचत असेल तर प्रोब भिकार आहेत.

नवीन एए सेल मोजा, 1.5 ते 1.6. मग गाडीची बॅटरी, आणि शक्य असेल तर शेजाऱ्याच्या मीटरशी ताडून बघा.

घरातला प्लग, 115 ते 125 च्या मध्ये यायला हवं.

क्लॅम्प शून्यावर आणा आणि गाडीच्या हेडलाइटच्या नुसत्या एका वायरभोवती लावा. आकडा आला पाहिजे, आणि क्लॅम्प उलटा लावला की वजा चिन्ह. वजा आलं नाही म्हणजे तो डीसी नाही, पॅक करून परत पाठवा.

तपासा: दोन्ही वायरी एकदम जबड्यात घेतल्यात आणि शून्य आलं, तर मीटर बिघडलेलं नाही. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात. पेडेस्टलच्या जाड केबलभोवती क्लॅम्प लावून "काहीच दिसत नाही" म्हणणारे याच कारणाने चक्रावतात. क्लॅम्प नेहमी एकाच वायरला.

8. बॅटरी कोण पितंय ते शोधणे

पेडेस्टलची वायर काढा, सोलर बंद करा किंवा पॅनल झाका, आतलं सगळं बंद. क्लॅम्प केबलजवळ ज्या पोझिशनमध्ये धरणार आहात त्याच पोझिशनमध्ये शून्यावर आणा आणि मग जबड्यात केबल घ्या. बॅटरीच्या निगेटिव्हला दोन-तीन केबल असतील तर सगळ्या एकत्र जबड्यात, एकाच दिशेने, नाहीतर निम्मा करंट निसटतो.

गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी, फ्रिजचं बोर्ड मिळून थोडं काहीतरी दिसणारच. पण 1 अँप दिसला तर विचार करा, दिवसाला 24 अँप-अवर, 100 ची लेड-अॅसिड बॅटरी दोन दिवसांत अर्धी. मग फ्यूज एकेक काढत जा, ज्याला आकडा धपकन पडेल ते सर्किट धरा. काढलेला फ्यूज लगेच जागेवर लावा, सगळे काढून ठेवले की कुठला कुठे ते लक्षात राहत नाही.

वॉटर हीटरचा एलिमेंट तपासायचा असेल तर ब्रेकर बंद, वायर सोडा, मग ओहम. 1440 वॅटचा एलिमेंट 10 ओहमच्या आसपास दाखवतो. अनंत दाखवला तर गेला, आणि बहुतेक वेळा हिवाळ्यानंतर टाकी भरायच्या आधीच स्विच दाबलेला असतो.

सांभाळा: ओहम आणि बीप नेहमी वीज बंद करूनच.

9. पेडेस्टल: गाडी जोडायच्या आधी

ही पायरी लोक सर्रास टाळतात. सॉकेटवर जळल्याचे काळे डाग, वितळलेलं प्लास्टिक असेल तर मोजायच्या भानगडीत न पडता दुसरी जागा मागा. लाल प्रोब व्होल्टच्या जॅकमध्ये आहे का बघा, डायल एसी व्होल्टवर, मग ब्रेकर चालू.

30 अँपच्या सॉकेटला तीन भोकं: हॉट (आपण फेज म्हणतो ते), न्यूट्रल आणि अर्थ. हॉट ते न्यूट्रल 120, हॉट ते अर्थ 120, न्यूट्रल ते अर्थ जवळपास शून्य. कुठेही 240 दिसलं तर ताबडतोब ब्रेकर बंद. हे कॅम्पग्राउंडपेक्षा घरी जास्त होतं, इलेक्ट्रिशियनला 30 अँपचं सॉकेट सांगितलं की तो कपडे वाळवायच्या ड्रायरसारखं 240 जोडून जातो आणि पहिल्याच दिवशी कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह सगळ्यांचं वाटोळं. घरी नवीन सॉकेट लावून घेतलं असेल तर मोजल्याशिवाय गाडी जोडायचीच नाही.

हॉट-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर हॉट ते अर्थ जवळपास शून्य आणि न्यूट्रल ते अर्थ 120 दिसतं. पुन्हा खात्री करायला 30 चा 15 करणारा अडॅप्टर आणि तीन दिव्यांचा छोटा प्लग टेस्टर ठेवा.

50 अँपला चार भोकं. दोन हॉटमध्ये 240 (काही पार्कात 208), प्रत्येक हॉट ते न्यूट्रल 120. दोन हॉटमध्ये शून्य आलं तर दोन्ही एकाच लेगवर (एकाच फेजवर) आहेत, तिथे दोन एसी एकदम लावले की न्यूट्रलवर दुप्पट भार येतो. एका बाजूला 95 आणि दुसऱ्याला 145 असं काही दिसलं तर न्यूट्रल सुटलाय, गाडी जोडू नका आणि ऑफिसला कळवा.

सगळं ठीक असेल तर ब्रेकर बंद करून प्लग लावा, मग चालू. छतावरचा एसी सुरू झाल्यावर आतल्या एखाद्या प्लगला पुन्हा मोजा. उन्हाळ्याच्या दुपारी, पार्क भरलेला असताना, लोडवर आकडा 105 च्या खाली गेला तर एसी बंद ठेवा, कमी व्होल्टने कंप्रेसर जळतो. कमी व्होल्ट म्हणून जनरेटरवर गेलात आणि तो होंडा ईयू2200आय सारखा छोटा इन्व्हर्टर जनरेटर असेल, तर हॉट ते अर्थ 60 च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ पण 60 च्या आसपास दिसू शकतं. अशा जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला बांधलेला नसतो म्हणून तसं येतं. हॉट ते न्यूट्रल 120 आहे ना, मग जनरेटर ठीक आहे. गाडीला सर्ज प्रोटेक्टर असेल आणि तो वीज आत घ्यायला नकार देत असेल तर त्याचं कारणही बहुधा हेच, त्यासाठी न्यूट्रल-अर्थ जोडणारा तयार प्लग मिळतो, तो फक्त जनरेटरलाच लावायचा, पेडेस्टलला कधीच नाही.